अस्वलाची खानावळ आणि आवाज नसलेली करकोचीण

ओढ्याकाठच्या एका जंगलात एक अस्वल खानावळ चालवत असे. अस्वल कुठं खानावळ चालवतं का, असं ज्या पोराला विचारायचं असेल त्यानं आत्ताच उठून विटीदांडू खेळायला जावं. बाकीच्यांनी नीट मांडी घालून ऐका.

खानावळ साधीसुधी नव्हती. अस्वलाच्या आजोबांनी ती सुरू केली, बापानं वाढवली, आणि आता हे अस्वल त्याच चुलीपुढं बसत होतं. आजोबांनी पेटवलेली चूल त्या घरात कधी विझू दिली नव्हती. दिवस मावळला की निखाऱ्यावर राख ओढायची, उजाडलं की फुंकर घालायची. जांभळीच्या सावलीत पंगत बसायची, पळसाच्या पानावर वाढायचे. भाजलेले कंद, करटोलीची भाजी, चिंचेचं सार आणि शेवटी मोहाच्या फुलांची खीर. खिरीला थोडी करपट चव असायची. ती आपल्या घराण्याची खासियत, असं अस्वल मोठ्या अभिमानानं सांगायचं. गिऱ्हाइकंही मान डोलवायची. खरं सांगायचं तर ती खीर बुडाला लागलेली असायची, पण नावाजलेल्या ठिकाणी करपलेलंसुद्धा लोक कौतुकानं खातात.

या खानावळीत नोकरी मागायची एक रीत होती. नोकरी मागणाऱ्यानं ओढ्याच्या पलीकडं जायचं, काळ्या खडकावर उभं राहायचं आणि तिथून आपलं नाव ओरडायचं. अलीकडं चुलीपाशी बसलेल्या मालकाला ते स्पष्ट ऐकू आलं तर नोकरी पक्की. नाही आलं तर आल्या वाटेनं परत. वाढता येतं का, पातेलं घासता येतं का, कंद सोलता येतात का, हे कुणी विचारत नसे. आजोबांच्या वेळेपासून हे असंच होतं. आणि आजोबांच्या वेळच्या गोष्टीचं कारण विचारणं म्हणजे त्या घरात उद्धटपणा समजत.

आता अशा रीतीनं माणसं निवडली तर कोण मिळणार? ओरडणारे मिळणार. तसेच मिळाले. पंगतीवर मुख्य वाढपी कोल्हा. त्याच्या हाताखाली मोर, टिटव्या, माकडं आणि कावळ्यांचं एक अख्खं खानदान. एकजण "भाऽजी, भाऽजी" करतोय, दुसरा "सार घ्याऽ" म्हणून कानात किंचाळतोय, तिसरा आतल्याला हाक मारतोय आणि आतला बाहेरच्याला. त्या गोंधळात कुणी काय मागितलं ते कुणालाच कळत नसे. सार मागितलं की कंद यायचे. (तुमच्यातली काही पोरं पंगतीत अशीच ओरडतात. मला ठाऊक आहेत ती कोण ते.)

हळूहळू गिऱ्हाइकं गळू लागली. पहिल्यांदा ससा यायचा बंद झाला. त्याचे ते लांब कान, त्याला तो कालवा सोसवेना. मग मुंगसांचं बिऱ्हाड दिसेनासं झालं. एके दिवशी हरिणी आपल्या पाडसाला घेऊन अर्ध्या पानावरून उठली, तसं अस्वल चूल सोडून तिच्यामागं धावलं.

"हरिणीबाई, खीर राहिली की."

"राहू दे, दादा. पोर घास तोंडात घेतं, आणि तुमचा कोल्हा त्याच्या डोक्यावर येऊन ओरडतो. घास खाली पडतो. पोटात काहीच गेलं नाही बघा त्याच्या."

"मी समज देतो त्याला."

"द्या. पण तो ओरडत असताना त्याला ऐकू कसं जाणार?"

एवढं बोलून हरिणी निघून गेली. पंगतीत रिकामी पानं वाऱ्यानं उडत होती. अस्वल चुलीपुढं येऊन बसलं आणि निखाऱ्यांकडं बघत राहिलं. असंच चाललं तर एक दिवस रांधायचं कुणासाठी, आणि रांधायचं नाही तर चूल पेटती ठेवायची कशाला? आजोबांची चूल आपल्या हातानं विझणार, ही धास्ती त्याला बसली.

मग त्यानं डोकं चालवलं. कसं चालवलं ते ऐका. त्याला वाटलं, गिऱ्हाइकं येत नाहीत, कारण आपल्या हाका त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. तेव्हा अजून ओरडणारे पाहिजेत. त्यानं रानात दवंडी पिटली की नवीन नोकर घेणे आहे, रीत ठाऊक आहेच.

सकाळीच काळ्या खडकापाशी गर्दी झाली. रानकोंबड्यानं अशी बांग दिली की ओढ्यातले मासे खाली बसले. तो पास. एका माकडानं नाव सांगता सांगता बापाचं आणि आज्याचंही ओरडून सांगितलं. तेही पास. आणि मग खडकावर करकोचीण येऊन उभी राहिली.

ती काही पहिल्यांदा येत नव्हती. मागच्या हंगामातही आली होती, त्याच्या मागच्याही. तिचं तळं गाळानं भरत चाललं होतं. घरट्यात दोन पिल्लं चोची उघडून बसलेली. खानावळीत नोकरी म्हणजे दोन वेळचं पोटभर जेवण आणि वर घरी न्यायला भरलेला द्रोण. तिला तेवढंच हवं होतं. अडचण एकच. करकोच्याच्या जातीला गळ्यातून आवाज काढता येत नाही. वरची चोच खालच्या चोचीवर आपटायची, टक टक, झालं बोलणं.

ती खडकावर ताठ उभी राहिली, मान मागं टाकली आणि जिवाच्या आकांतानं चोच वाजवली. टक टक टक टक.

अलीकडच्या काठावरून कोल्हा म्हणाला, "मालक, ही लाकडं फोडायला आली काय?"

माकडं हसली. कोल्ह्याला जोर चढला. "अगं बाई, नाव सांग, नाव. टक हे काय नाव झालं? आडनाव काय, टकटके?"

अस्वल हसलं नाही. त्याला ती बाई मागच्या हंगामातली आठवत होती. तेव्हा ती थोडी भरलेली होती, आता नुसते पाय आणि चोच उरली होती. त्याच्या मनात आलं, घ्यावं का हिला? पण लगेच वाटलं, आज हिला सूट दिली तर आजोबांच्या रितीला काय अर्थ राहिला. त्यानं पंजा हलवला, म्हणजे जा.

दर वेळी करकोचीण एवढ्यावर मान खाली घालून उडून जायची. या वेळी ती गेली नाही. काय वाटलं असेल तिला? घरट्यातली पिल्लं आठवली असतील. ती खडकावरून खाली उतरली आणि सरळ ओढ्यात शिरली. लांब लांब पाय टाकत, पाण्याचा एक शिंतोडा न उडवता ती अलीकडं आली. पंगत बसली होती. बसलेल्यांच्या मधून, पानांच्या वरून, कुणाच्या शेपटीला धक्का न लावता ती चुलीच्या दिशेनं चालू लागली.

कोल्हा आडवा आला. "एऽ, बाहेर. बाहेर हो. मालकांनी सांगितलं ना एकदा. बहिरी आहेस का? मुकी आहेस ते कळलं, पण बहिरीही आहेस का?"

तो तिच्या अगदी तोंडाशी येऊन ओरडत होता. करकोचिणीनं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. मग तिनं चोच उघडली, त्याचं नाकाड अलगद धरलं आणि मिटलं. डबीचं झाकण लावतात तसं.

पंगत गप्प झाली. मोर गप्प, टिटव्या गप्प, कावळे आ वासून गप्प. मुख्य वाढप्याचं तोंड बंद झालेलं त्या खानावळीत कुणी कधी पाहिलं नव्हतं.

आणि त्या शांततेत अस्वलाला एक आवाज आला. बुड्‌बुड, बुड्‌बुड. त्यानं इकडं तिकडं पाहिलं. आवाज चुलीवरच्या पातेल्यातून येत होता. खिरीला उकळी फुटली होती. इतकी वर्षं ते चुलीपुढं बसलं, पण हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. खिरीला उकळी आली हे त्याला रोज करपट वासावरूनच कळायचं. त्यानं घाईघाईनं पातेलं खाली उतरवलं, पळीभर खीर काढून चाखली आणि तसंच उभं राहिलं.

पंगतीच्या टोकाला एक म्हातारं कासव बसायचं. दात नाहीत, घाई नाही, आणि खानावळ सुरू झाली त्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. ते म्हणालं, "काय झालं रे? विष पडलं का त्यात?"

अस्वलानं खीर त्याच्या पानावर वाढली. कासवानं ती जिभेवर घोळवली.

"अरेच्चा. ही खीर आहे होय. मग आजवर काय खात होतो मी?"

"आजवरची आमच्या घराण्याची चव होती, कासवआजोबा."

"कसली डोंबलाची घराण्याची चव. करपायची ती. तुझ्या आजोबांना ऐकू यायचं नाही, म्हणून उकळी कळायची नाही. नाकाला वास येईपर्यंत बूड धरलेलं असायचं."

अस्वलानं पळी खाली ठेवली. "ऐकू यायचं नाही?"

"तुला कुणी सांगितलं नाही? पोरवयात आग्यामोहोळ काढायला गेले. दोन्ही कानांत माश्या शिरल्या. तेव्हापासून कान गेलेच म्हण. खानावळ काढतो म्हणाले तेव्हा अख्खं रान हसलं होतं. बहिरं अस्वल, गिऱ्हाईक मागणार एक आणि हे वाढणार दुसरंच. मग त्यांनीच तोड काढली. म्हणाले, माझ्याकडं राहायचं असेल त्यानं आधी ओढ्यापलीकडून ओरडून दाखवावं. मला ऐकू गेलं तर आपलं दोघांचं जमेल. आम्ही सगळे ओरडायला लागलो, ते रांधायला लागले. आणि चालली की खानावळ."

"म्हणजे ती रीत..."

"रीत कुठली? सोय होती ती, त्यांच्या कानांची." कासवानं अजून खिरीसाठी पान पुढं सरकवलं. "तुझे कान तर ठणठणीत आहेत. तू कशाला सगळं रान ओरडायला लावलंयस, हे मला आजवर कळलेलं नाही. म्हटलं असेल काही मालकाची हौस."

अस्वलानं कासवाकडं पाहिलं, खिरीकडं पाहिलं, मग त्या हडकुळ्या करकोचिणीकडं पाहिलं. रानानं आजोबांना सांभाळून घेतलं म्हणून ही चूल पेटली होती, आणि तीच गोष्ट पुढं करून आपण हिला दोन हंगाम परत पाठवलं. आधी त्याला लाज वाटली. मग हसू आलं. अस्वल हसायला लागलं की त्याचं पोट हलतं, पोट हललं की जमीन हलते. सगळी पंगत हसू लागली. हसला नाही तो फक्त कोल्हा, कारण त्याचं तोंड अजून चोचीतच होतं.

"सोड बाई त्याला," अस्वल डोळे पुसत म्हणालं. "आणि उद्यापासून कामावर ये. उद्या कशाला, आत्तापासूनच लाग."

कोल्ह्यानं सुटलेलं नाकाड चोळलं. आता तो कोल्हा होता, मूर्ख नव्हता. त्यानं बरोबर अडचणीवर बोट ठेवलं. "मालक, तुमची मर्जी. पण पंगतीत कुणाला काय हवं ते ही आत चुलीपर्यंत सांगणार कसं? टक म्हणजे सार का टक म्हणजे भाजी?"

प्रश्न खरा होता. अस्वल डोकं खाजवू लागलं. करकोचिणीनं मात्र वेळ घालवला नाही. ती कोठीजवळ गेली, वाळलेलं मोहाचं एक फूल उचललं आणि चुलीपुढच्या दगडावर ठेवून खिरीच्या पातेल्याकडं मान केली. मग एक चिंचोका आणला, तो ठेवला आणि साराकडं मान केली. कंदासाठी कंदाची एक मुळी, भाजीसाठी करटोलीचं पान.

"आणि दोघांना खीर हवी असेल तर?" कोल्ह्यानं विचारलं.

करकोचिणीनं आणखी एक फूल आणून पहिल्याशेजारी ठेवलं, आणि गुरुजी तुमच्यातल्या काहींकडं बघतात तसं कोल्ह्याकडं पाहिलं.

कासव म्हणालं, "कळलं का रे? का तिसरंही ठेवायला सांगू?"

आता तुम्हाला वाटेल, करकोचिणीनं त्या दिवसापासून जादू केली. काही जादूबिदू केली नाही. पहिल्याच पंगतीत तिच्या चोचीतून साराचा द्रोण निसटला आणि सगळं सार रानडुकराच्या पाठीवर गेलं. रानडुक्कर म्हणालं, "असू दे, गरम होतं, तेवढाच शेक मिळाला." पण कोल्ह्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"पाहिलंत ना मालक? पाहिलंत?"

"पाहिलं. तू पहिल्या दिवशी काय सांडलं होतंस रे?"

"तो दिवस निराळा होता, मालक."

"अख्खं पातेलं सांडलं होतंस. माझ्या अंगावर."

कोल्हा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला सटकला. करकोचिणीनं चोच धुतली आणि दुसरा द्रोण उचलला. चार दिवसांत तिचा हात बसला. म्हणजे चोच बसली.

तिचं पाहून बाकीचेही त्याच दगडावर फुलं आणि चिंचोके ठेवू लागले, कारण ओरडण्यापेक्षा ते सोपं होतं. टिटव्यांचे घसे बसायचे थांबले. सार मागितलं की सारच येऊ लागलं. आणि काळ्या खडकावरची परीक्षा अस्वलानं बंद केली. आता नोकरी मागायला कोणी आलं की ते म्हणायचं, "बस इथं. हे काम आहे. एक पंगत करून दाखव, आणि तुला काय अडतं ते सांग." मग साळिंदर आलं. त्याच्या काट्यांमुळं त्याला कुणी जवळ उभं करत नसे. त्याला ओढ्याकाठी मोकळी जागा दिली, तिथं ते एकटं बसून ढीगभर कंद सोलायचं आणि गाणं गुणगुणायचं. एक म्हातारी चिचुंद्री आली, डोळ्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. तिनं कोठीतल्या कंदांवरून नाक फिरवलं आणि कुजके बाजूला काढले. तिच्या वाटेत कुणी पातेलं ठेवायचं नाही, एवढी एकच तिची मागणी. सगळ्यांनाच ठेवलं असं मात्र नाही. ते आज्याचं नाव ओरडणारं माकड वाढता वाढता निम्मं खाऊन टाकायचं. त्याला अस्वलानं हात जोडून निरोप दिला. आवाज त्याचा फार चांगला होता, पण करायचं काय त्याचं?

राहिला कोल्हा. पंगतीत ओरडायचं नाही म्हटल्यावर त्याचा जीव कासावीस व्हायला लागला. शेवटी अस्वलानंच त्याला बाजूला घेतलं.

"तुझ्यासारखा आवाज रानात नाही, हे खरं का?"

"खरं आहे, मालक," कोल्हा उदास होऊन म्हणाला.

"मग काळ्या खडकावर जाऊन उभा राहा. त्या बाजूनं डोंगराची वाट जाते. वाटसरूंना हाका मार. हवं तेवढं ओरड."

कोल्ह्याचे कान उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून तो खडकावरून अशा हाका घालू लागला की डोंगरापलीकडचे प्राणी वाट वाकडी करून जेवायला येऊ लागले. "याऽ, या, खीर खायला या. न करपलेली खीर." संध्याकाळी तो घसा शेकत बसायचा आणि करकोचिणीला सांगायचा, "टकटकेबाई, आज नीलगाईंचा कळप वळवला मी." ती टक म्हणायची. त्याला ते पुरायचं.

हरिणी परत आली. तिच्या पाडसानं त्या दिवशी पान चाटूनपुसून साफ केलं आणि तिथंच, भरल्या पंगतीत, पानाशेजारी मान टाकून झोपी गेलं. त्याला उठवायला नको म्हणून सगळ्यांनी पाय न वाजवता वाढलं. करकोचीण रोज संध्याकाळी खिरीचा भरलेला द्रोण चोचीत धरून घरट्याकडं उडायची, आणि तिथून जी टकटक ऐकू यायची ती पिल्लांची असायची.

ससाही परत आला. तो मात्र जेवून गेलाच नाही. चुलीशेजारी बसून म्हणाला, "दादा, उकळी फुटायच्या आधी पातेलं निराळंच वाजतं. मला ऐकू येतं ते. सांगत जाऊ का?" अस्वलानं त्याला तिथंच जागा करून दिली.

अशी बरीच वर्षं गेली. अस्वल म्हातारं झालं आणि त्याचे कान आजोबांसारखेच मंद होत गेले. पुढं पुढं तर कोल्ह्याची हाकसुद्धा त्याच्यापर्यंत पोचेना. पण खानावळीत कुणाला आवाज चढवावा लागला नाही. चुलीपुढच्या दगडावर फुलं पडत, चिंचोके पडत, अस्वल ते बघून वाढत राही. खिरीला उकळी फुटायची वेळ झाली की ससा हळूच त्याच्या पायाला पंजा लावी, आणि अस्वल पातेलं खाली उतरवी. खीर पुन्हा कधी करपली नाही. आजोबांची चूल अजून पेटती आहे.

तात्पर्य : काम देणाऱ्यानं काम जमतं का एवढंच पाहावं आणि अडेल तिथं सोय करून द्यावी, कारण दुसऱ्यासाठी केलेली सोय उद्या आपल्याच उपयोगी पडते.